शिळं पाणी

१

गांगुर्ड्यांच्या घरात सकाळ व्हायची ती पाण्याच्या आवाजाने. नळ आला की भिमाबाई आदल्या दिवसाचं सगळं पाणी मोरीत ओतायच्या. माठातलं, कळशीतलं, तांब्यातलं. कशात घोटभर उरलं असलं तरी तेही. मग भांडी घासून नव्याने भरायची. नाशकात बहुतेक घरांत तेव्हा हेच चालायचं, शिळं पाणी कोण पितं? पण भिमाबाई ओतायच्या तसं कॉलनीत दुसरं कोणी ओतत नसे. माठ कमरेवर घेऊन, उंचावरून, सावकाश, धारेचा आवाज ऐकत.

त्यांची सून सुमन नगरपालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवायची. लग्न होऊन आली तेव्हा एकदा ती म्हणाली होती, "आत्याबाई, इतकं चांगलं पाणी वाया जातं."

"जाऊ दे," भिमाबाई म्हणाल्या. "लय वाट पाह्यली बाई या आवाजाची."

मग सुमनने पुन्हा तो विषय काढला नाही. सासूच्या लहानपणच्या गोष्टी तिला नवऱ्याकडून, सहादूकडून, कळल्या होत्या. गावच्या विहिरीला हात लावायची सोय नव्हती. पोरींनी खाली दगडावर गुडघे टेकून बसायचं आणि कोणाच्या मनात येईल तेव्हा तो वरून पाणी ओतणार. घागर असली तर घागरीत, नाहीतर ओंजळीत. कधी कधी दुपार टळून जायची आणि विहिरीवर कोणी फिरकायचंच नाही.

छप्पन साली दीक्षा घेतल्यावर भिमाबाईंनी स्वतःपुरतं एक ठरवून टाकलं, की यापुढे ओंजळीने पाणी प्यायचं नाही. त्यांचा एक पितळी पेला होता, त्यावर नाव घातलेलं. पाणी प्यायचं, पेला विसळायचा आणि जागेवर पालथा घालायचा. लग्नाला जावोत की तीर्थाच्या गावी, पेला पिशवीत असायचाच. लोक हसत. भिमाबाई त्या हसण्याला भीक घालत नसत.

२

एकोणऐंशीच्या मे महिन्यात सासू-सुना जैसलमेरला निघाल्या तेव्हा तर सगळी कॉलनी हसली. उन्हाळ्याची सुट्टी घालवायला माणसं महाबळेश्वरला जातात, या दोघी वाळवंटात चालल्या होत्या. पण सहादू ओझरच्या विमान कारखान्यात फिटर, त्याला तिकडच्या विमानतळावर कामासाठी पाठवलेलं. दोन महिने तो घरी आला नव्हता. त्याने लिहिलं होतं, सोन्यासारखं गाव आहे, आईला एकदा दाखवायचंय.

जुन्या गावात एका हवेलीचा वरचा मजला त्याने भाड्याने घेतला होता. मालकीण समोरच्या घरात राहायची, एकटी म्हातारी, तिला सगळे माजीसा म्हणत. बोळ इतका अरुंद की दोन्हीकडच्या सज्जांतून हात मिळवावेत. पण बोळातल्या बहुतेक दारांना कुलपं होती. घरांची मालक माणसं कलकत्ता-मुंबईला व्यापारात जाऊन बसली होती आणि मागे राहिली होती ती नुसती दगडातली नक्षी.

पाणी दिवसाआड, बोळाच्या तोंडाशी असलेल्या नळाला. दुसऱ्या दिवशी पहाटे ते आलं. सहादू बादल्या भरभरून वर आणत होता आणि भिमाबाईंनी इथंही आपला नेम सोडला नाही. शिळं पाणी धुण्याच्या बादलीत ओतून माठ घासायला घेतला. सुमन हात लावायला म्हणून मागच्या खोलीत गेली. तिथं झरोक्याच्या कट्ट्यावर एक लाल घडा होता, काठोकाठ भरलेला. पाण्यावर धुळीची साय आली होती. कट्ट्याला दगडी पन्हळ होती, तिचं तोंड भिंतीबाहेर निघालेलं. सुमनने विचारसुद्धा केला नाही. हाताला सवय होती. तिने घडा उचलला आणि पन्हळीत पालथा केला.

तिचा हात थांबला तो घडा रिकामा झाल्यावर. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं आणि काय ते लगेच कळेना. मग कळलं. आवाज आला नव्हता. एवढं घडाभर पाणी दोन मजले खाली पडलं आणि पडल्याचा आवाज नाही.

तिने वाकून पाहिलं. खाली चारी बाजूंनी भिंतींनी कोंडलेला चौक होता. त्याला दार नव्हतं, खिडकी नव्हती. पन्हळीखालची फरशी कोरडी ठाक. तिच्यात दोन उथळ खळगे पडलेले, शेजारी शेजारी.

वाळलं असेल, तिने स्वतःला सांगितलं. हवा इतकी कोरडी आहे की पाणी टिकत नाही. मुलांना आपणच शिकवतो की. पण सकाळचे सहा वाजले होते आणि चौकात अजून सावली होती. तिने घडा पालथा ठेवला, नळाचं पाणी भरून आणायला खाली गेली आणि नळ गेलेला होता.

३

सहादूने दिवसाची रजा काढली होती. ऊन चढायच्या आत तो त्यांना किल्ल्यावर घेऊन गेला, आणि सुमन खरंच सगळं विसरली. हा किल्ला म्हणजे ओसाड बुरुज नव्हते. आत माणसं राहत होती, पोरं गोट्या खेळत होती, कुणाच्या दारात मिरच्या वाळत होत्या. वेशीतून वर चढताना दगड पायाखाली गुळगुळीत झालेला. आणि सगळं पिवळं. भिंती, जिने, कमानी, सगळ्यावर ऊन आलं तेव्हा सुमनचे डोळे दिपले. नाशकात आपण काळ्या दगडात वाढलो, काळ्या पायऱ्या, काळी देवळं. दगड असा आतून उजळतो हे तिला ठाऊकच नव्हतं.

"माणसाच्या हातानं केलंय का रे हे?" एका हवेलीसमोर भिमाबाईंनी विचारलं. सज्जाच्या दगडाला बारीक भोकं पाडली होती, कुणीतरी सुईने विणत बसावं तशी.

"हातानंच, आई."

"मंग त्या हातांना पाणी कुणी पाजलं आसंल?"

सहादू हसला. सुमनला हसू आलं नाही, कारण तिच्या हातातला फिरकीचा तांब्या तेवढ्यातच हलका लागला होता. निघताना तिने स्वतः तो गळ्यापर्यंत भरला होता. वाटेत कोणी प्यायलं नव्हतं. तिने फिरकी काढून पाहिलं. तळाला चूळभर पाणी राहिलं होतं.

"गळतोय," सहादू म्हणाला. त्याने तांब्या उलटासुलटा करून पाहिला, फिटरच्या डोळ्यांनी. चीर नव्हती, बुड कोरडं होतं. "फिरकी नीट बसली नसेल," असं म्हणून त्याने चहावाल्याकडून तो पुन्हा भरून घेतला.

मग ते गावाबाहेरच्या तळ्यावर गेले. पाणी पार तळाला गेलेलं, मध्ये दगडी छत्र्या उभ्या, काठाला फुटलेल्या चिखलाच्या खपल्या. नळ यायच्या आधी सगळं गाव इथूनच पाणी न्यायचं, सहादूने सांगितलं. सुमनने फिरकी उघडली आणि तांब्या पुन्हा रिकामा. तिने फिरकी पुन्हा लावून टाकली. सहादू पायऱ्या उतरून गेला आणि म्हणाला, "आई, ये, ओंजळभर तोंडाला तरी लाव."

"मी वंजळ नाय करत," भिमाबाई म्हणाल्या. त्या काठावरच उभ्या राहिल्या आणि कितीतरी वेळ तळ्याकडे बघत होत्या. ओठ सुकले होते. परतताना त्यांचं पाऊल जड पडायला लागलं.

बोळात शिरताना वर माजीसा आपल्या सज्जात उभी दिसली. सहादूने हात जोडले. तिने मान हलवली आणि तिची नजर समोर त्यांच्या घराकडे गेली, मागच्या खोलीकडे. तिथून समोरासमोरच्या दारांतून झरोका आरपार दिसत होता, त्यातला पालथा घडाही. म्हातारीच्या चेहऱ्यावर राग आला असता तर सुमनला बरं वाटलं असतं. तिने फक्त ओढणी तोंडावर ओढली, आत गेली आणि दाराला अडसर लावला.

"काय झालं हो यांना?" सुमनने विचारलं.

"काही नाही. तो घडा रोज त्या भरतात, कधी रिकामा ठेवत नाहीत," सहादू म्हणाला. "सकाळी जिना चढून येतात, भरतात, जातात. पाखरांसाठी असेल."

सुमनने दोन महिन्यांपूर्वीचं पत्र आठवून पाहिलं. त्यात सोन्यासारखं गाव होतं, घडा नव्हता. काय सांगावं आणि काय नाही याचं भान पुरुषांना कधी येणार कोण जाणे.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातलं एकूण एक भांडं रिकामं होतं. माठ, दोन कळशा, बादली. झाकणं जागच्या जागी, खालची जमीन कोरडी. सहादूने माठ टिचकी मारून पाहिला, कळशीच्या बुडाला बोट फिरवलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. पण ड्यूटीची गाडी वेशीत येऊन उभी होती. "संध्याकाळी विमानतळावरून कॅन भरून आणतो," तो म्हणाला. "तोवर शेजारी मागून घ्या. उद्या नळ आहेच."

दहा वाजता भिमाबाईंनी अंग टाकलं. ऊन कालच लागलं होतं, रात्रभर ते अंगात मुरलं. अंग तापलेलं पण घामाचा थेंब नाही, जीभ टाळूला चिकटलेली. सुमन घाबरली. ती माजीसाच्या दारावर थापा मारून आली. आत कोणीतरी होतं, बांगड्या वाजल्या, पण अडसर निघाला नाही. बाकी दारांना कुलपं. ती तशीच उन्हात वेशीपर्यंत धावत गेली आणि चहावाल्याच्या हातापाया पडून तांब्या भरून घेतला.

फिरकी तिने दातओठ खाऊन आवळली आणि तांब्या दोन्ही हातांनी पोटाशी धरला. बोळात शिरली तेव्हा तो भरलेला होता. जिन्याच्या पहिल्या वळणावर त्याचं वजन कमी झालं. तिला ते स्पष्ट कळलं. आत पाणी खळखळलं नाही, काही सांडलं नाही. नुसतं कमी झालं. ती धावत वर आली.

भिमाबाई उठून बसल्या होत्या. पेला समोर होता, पण त्यांचं लक्ष पेल्याकडे नव्हतं.

"आयक," त्या म्हणाल्या.

मागच्या खोलीतून आवाज येत होता. अगदी बारीक. घसा कोरडा पडलेला माणूस आवंढा गिळतो, तसा. एकदा. मग थांबून पुन्हा. पारवा असेल, सुमनने मनात म्हटलं. पन्हळीत वारा शिरत असेल. पण बाहेर पान हलत नव्हतं, मुळात हलायला पानच नव्हतं.

"आत्याबाई, आधी पाणी घ्या." तिने फिरकी सोडली. तांब्या अर्ध्यावर आला होता.

"मी मघाशी जाऊन पाह्यलं," भिमाबाई म्हणाल्या. त्यांना शब्दागणिक थांबावं लागत होतं. "खाली फरशी झिजलीया. दोन जागी."

"पाण्याच्या धारेने झिजली असेल."

"धारंनं एक खळगा पडतो, बाई. ते गुडघ्यांचे हायेत."

सुमनच्या हातात तांब्या होता आणि तो हलका होत होता. तिला रडू आलं, रागही आला. समोर आपलं माणूस वाळत चाललंय आणि ते भलतंच काही बोलतंय. "तिथं कोणी नाहीये," ती म्हणाली. "त्या चौकाला दार नाही. माणूस शिरेल कुठून? तुम्ही हे प्या. तुम्हाला काही झालं तर मी ह्यांना काय तोंड दाखवू?"

भिमाबाईंनी पेला हातात घेतला. क्षणभर सुमनला वाटलं, आता पितील. त्यांनी तो पालथा घातला.

"आधी तिकडं दे. त्यांचं ओतून टाकलंया आपण."

५

मागची खोली थंड होती. इतक्या उन्हात ती थंड का, हे सुमनने स्वतःला विचारलं नाही. तिने पालथा घडा बाजूला सारला आणि तांब्या पन्हळीवर धरला. गिळण्याचा आवाज थांबला होता. कोणीतरी श्वास रोखून धरावा तशी खाली शांतता होती, आणि त्या शांततेनेच तिची पाचावर धारण बसली.

तिने तांब्या कलता केला. सावकाश, सासू ओतायची तशी. धार पन्हळीतून पुढे गेली आणि भिंतीबाहेर पडली. आवाज नाही. ती वाट बघत राहिली. धार पडतच होती आणि आवाज नव्हता.

मग ती वाकली.

भिंतीच्या पायथ्याशी, सावलीच्या कडेला, ओंजळ होती. दोन हात, कोपरापासून पुढचे, तेवढेच उजेडात आलेले. तळ्याकाठच्या चिखलासारखी भेगाळलेली कातडी, अंगठे आत वळवलेले, बोटं घट्ट मिटलेली, थेंबही गळू नये म्हणून. पाणी त्या ओंजळीत पडत होतं आणि ओंजळ भरत नव्हती. सुमनला ओरडावंसं वाटलं नाही. जन्मात पहिल्यांदा देवळात नेलेल्या पोरासारखी ती नुसती बघत राहिली. इतकी तहान असू शकते, आणि इतक्या काळाची, आणि तरी ते हात मागत नव्हते, हिसकावत नव्हते. वाट बघत होते. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

ओंजळ जराशी बाजूला सरकली. जागा करून दिल्यासारखी.

सुमनच्या खांद्यावर हात पडला. भिमाबाई भिंत धरत धरत मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी सुमनच्या खांद्यावरून खाली पाहिलं. किती वेळ पाहिलं कोण जाणे. मग त्यांनी तिची मान हलकेच बाजूला वळवली.

"तू नको बघू," त्या म्हणाल्या. "लय हायेत."

तांब्या रिकामा झाला तेव्हा समोर, बोळाच्या पलीकडे, अडसर निघाल्याचा आवाज आला. माजीसा जिना चढून आली ती डोक्यावर भरली घागर घेऊन. तिने सुमनच्या हातातला तांब्या पाहिला.

"पिला दिया?" तिने विचारलं.

सुमनने मान हलवली. म्हातारीने आधी झरोक्यातला घडा सरळ करून काठोकाठ भरला. मग ती भिमाबाईंकडे वळली आणि तिथल्या रीतीप्रमाणे पाजायला घागर उंच धरली. भिमाबाईंच्या अंगात उभं राहायचंही बळ नव्हतं. पण त्यांनी सुमनला पेला आणायला लावला आणि पेला भरून घेऊनच पाणी प्यायल्या. दोन पेले प्यायल्या, तिसरा डोक्यावर ओतून घेतला. मग पेला विसळून पालथा घातला.

संध्याकाळी सहादू कॅन घेऊन आला. घरातले माठ माजीसाने भरून दिले होते आणि ते भरलेलेच राहिले होते. "बघ, म्हटलं नव्हतं, फिरकीच बसत नव्हती," तो म्हणाला. त्याला कोणी काही सांगितलं नाही.

६

नाशकाला परतल्यावर सुमनने मनाला बजावलं, की उन्हाने माणसाला असं होतं. दोघींनाही ऊन लागलं होतं. हे तिला पटायचंही, दिवसा, शाळेत, फळ्यासमोर. पण सकाळी जाग येण्याआधी ती पाण्याच्या आवाजाची वाट बघायची आणि तो आवाज आता येत नसे. भिमाबाई शिळं पाणी मोरीत ओतत नव्हत्या. मागच्या दारी जाऊन, पायरीवर उभ्या राहून, खालच्या धुण्याच्या दगडावर ओतायच्या. तशाच उंचावरून, सावकाश. सुमन अंथरुणात कान देऊन पडून राहायची. धार पडल्याचं कधी ऐकू आलं नाही. आणि ती उठून बघायला कधी गेली नाही.

एकदाच तिने विचारलं, "आत्याबाई, आपण त्यांना इथं आणलं का?"

"आपण कशाला आणतोय," भिमाबाई म्हणाल्या. "हितं बी व्हतेच की."

पंच्याऐंशीच्या वैशाखात भिमाबाई गेल्या. विहारातले भन्ते आले, कॉलनी लोटली, सगळं रीतसर झालं. सुमनच्या मनात मात्र एकच गोष्ट घर करून बसली आणि ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती. आत्याबाई आता कुठे असतील? त्यांच्यातच जाऊन बसल्या असतील तर? उभा जन्म ज्या माणसाने ओंजळ केली नाही, त्याला पुन्हा गुडघे टेकून हात पसरावे लागत असतील तर? ती रात्रभर कूस बदलत राहिली.

पहाटे नळ आला तेव्हा सुमन उठली. सहादू आणि पाहुणे झोपलेले होते. तिने पितळी पेला घेतला, त्यावरच्या नावावरून बोट फिरवलं, मागच्या दारी जाऊन तो धुण्याच्या दगडावर सरळ ठेवला आणि काठोकाठ भरला. मग पायरीवर उभी राहिली, माठ कमरेवर घेतला, डोळे मिटले आणि बाकीचं पाणी ओतलं. आवाज आला नाही. माठ रिकामा होईपर्यंत ती तशीच उभी होती.

मग तिने डोळे उघडले. दगड कोरडा होता. पेला विसळून पालथा घातलेला होता.